पॉलिशिंग प्रॉपर

सर कुणाचं वय वर्षांत सांगत नसत, तासांत सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही किती तासांच्या?"

मी घाबरून म्हटलं, "सेठनी आठ तासांची ड्युटी सांगितलीय सर."

"ड्युटी नाही विचारत. तुम्ही."

मग जन्मतारीख विचारली, खिशातून चिटोरं काढलं, गुणाकार केला. "दोन लाख त्र्याऐंशी हजार आणि वर काही. जन्माची वेळ ठाऊक आहे?"

"सकाळी गुरं सोडायच्या टायमाला, आई सांगते."

"म्हणजे ठाऊक नाही," ते म्हणाले आणि चिटोरं फाडून टाकलं. अर्धवट आकडा त्यांना खिशातसुद्धा नको असायचा.

भट्टीवाले दादा तिकडून हसत होते. मला हळूच म्हणाले, "घाबरू नको गो ताई. देवानं या मानसाला लाइफ टेस्टला लावलाय. तवा तो सगल्यांचं तास मोजतो."

लाइफ टेस्ट म्हणजे काय ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मला पुष्कळच माहीत नव्हतं. मी हिंगोलीकडची. सासरी नांदले नाही, माहेरी किती दिवस बसायचं, म्हणून गावातल्या एका बाईबरोबर उल्हासनगरला जीन्सच्या कामाला आले. पाच वर्षं पॅन्टीचे धागे कापले. डोळ्यांत निळी धूळ आणि नखांत निळा रंग. तिथंच कुणीतरी सांगितलं की अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बाई पाहिजे, बारीक काम आहे, बसून आहे. गेटवर कागद चिकटवला होता, दहावी पास पाहिजे म्हणून. मी शाळा सातवीत सोडलेली. सेठनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दहावी."

"मार्कशीट?"

"गावाला आहे. आणते."

सेठ उल्हासनगरचे सिंधी, मनानं वाईट नव्हते. पण दर दिवाळीला मी गावाहून परत आले की त्यांचा पहिला प्रश्न, "क्या ताई, चिवडा लायी, मार्कशीट नहीं लायी?" सगळे हसायचे. मीही हसायचे. ती नोकरी गेली असती तर मला परत जायला जागा नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

तरी निवड सेठनी केली नव्हती, सरांनी केली होती. मुलाखतीच्या दिवशी आम्ही चौघी होतो, दोघी तर बीएस्सी झालेल्या. सरांनी प्रत्येकीला एक चाळणी आणि वाटीभर जाडा-बारीक मिसळलेला रवा दिला. म्हणाले, सारखे दाणे वेगळे काढा. त्या तिघींनी चाळणी गदागदा हलवली. मी काठाला तळव्यानं हळूहळू टपल्या देत बसले. सर जवळ आले.

"जोर का नाही लावत?"

"जोर लावला की लांबट दाणा उभा होऊन खाली जातो सर. मग सारखे कसे म्हणायचे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चाळणीखालच्या रव्याकडे पाहिलं. मग सेठना म्हणाले, "यांना घ्या."

आता सांगते आमचं काम काय ते. कॅथोड बनवायचे. शर्टाच्या बटणाएवढी टंगस्टनची चकती. एक्स-रेच्या, रडारच्या नळ्यांमध्ये ती बसते, लालबुंद तापते आणि तिच्या तोंडावरून इलेक्ट्रॉन सुटतात. चकती दिसायला भरीव, पण आतून भोकंच भोकं, डोळ्याला न दिसणारी. त्या भोकांत बेरियमचं औषध भरलेलं असतं. चकती तापली की औषध आतून पाझरत वर येतं, तोंडावर त्याचा एक पातळ थर धरतो, आणि त्या थरामुळंच इलेक्ट्रॉन सुटतात. थर उडत राहतो, खालून नवा येत राहतो. औषध संपलं की कॅथोड संपला.

"सगळं भोकांवर आहे बाई," सर सांगायचे. "मोठ्या भोकातून भसाभस जातं, लवकर संपतं. बारीक भोकातून येतच नाही. मग तोंडाचा एक भाग ओरडतो आणि एक गप्प बसतो. सारखी भोकं हवीत. सारखी भोकं कशानं होतात?"

"सारख्या दाण्यांनी."

"म्हणून तुम्ही."

मला असं 'म्हणून तुम्ही' आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

सर एका सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. सेठचा मूळ धंदा वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडचा, कॅथोडचा कोपरा त्यांनी सरांसाठीच उघडला होता. सर बदलापूरला सोनिवलीत एका नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. एक भाचा होता, परदेशात. कारखान्यात खुर्च्या होत्या तरी स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन येत आणि घेऊन जात. चकचकीत वस्तूंशी त्यांचं वैर. बूट कधी पॉलिश केले नाहीत. सेठनी ऑफिसात नवा ग्रॅनाइट बसवला, तर सर आत गेले की आधी त्यावर पेपर अंथरायचे, मग बोलायचे. 'साधारण', 'जवळजवळ', 'असेल' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. बदलापूर स्टेशनचे शेअर रिक्षावाले त्यांना चुकवत. कुणी "पाच मिन्टात सोडतो काका" म्हटलं की सर घड्याळ बघून बसत, आणि उतरताना सुटे पैसे हातावर ठेवून सांगत, "सात मिनिटं चाळीस सेकंद. पाच म्हणू नका, लोक विश्वास ठेवतात."

आकडा गोल केला की ते सहन करत नसत. मीटरवर चारशे अठ्ठ्याण्णव असेल आणि दादांनी "पाचशे" म्हटलं, तर सर म्हणत, "दोन कुठं गेले? ठेवले कुठं?" दादा खिसे चाचपून दाखवायचे. सरांना विनोद कळायचा नाही. ते खरंच वाट बघत उभे राहायचे.

मला लागून पाच-सहा महिने झाले असतील. एका ऑर्डरचे बारा पीस होते. भोकंवाला टंगस्टन तसाच लेथवर धरला तर कापताना भोकं चेपतात. म्हणून आधी भोकांत तांबं वितळवून भरायचं, मग कापायचं, मग तांबं ॲसिडनं आणि भट्टीत काढून टाकायचं, म्हणजे भोकं परत मोकळी. त्यानंतर औषध पाजायचं. तांबं काढलेले बारा पीस माझ्या टेबलावर आले. सर दोन दिवस भाभा हॉस्पिटलसारख्या कुठल्या मोठ्या ठिकाणी स्वतःच्या तब्येतीच्या तपासणीला गेले होते. प्रत्येक पायरीला टेबलावर एक कार्ड असायचं, सरांनी हातानं लिहिलेलं, इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं. मी अक्षरं जुळवत वाचायचे, कुणाला दिसणार नाही असं ओठ न हलवता. या कार्डावर दोनच शब्द होते. पहिला मला येत होता, नेलपॉलिशच्या बाटलीवरनं. पॉलिशिंग. दुसरा लांबलचक, पी-आर-ओ नं सुरू होणारा.

विचारता आलं असतं. दादा समोर होते. पण विचारलं असतं तर दादा म्हणाले असते, काय गो, धाव्वी पास ना तू? म्हणून मी माझ्या मनानं जुळवलं. पी-आर-ओ म्हणजे प्रॉपर. जीन्सच्या कारखान्यात मास्तर दिवसभर तेच ओरडायचा, प्रॉपर करो, प्रॉपर करो. पॉलिशिंग प्रॉपर.

मग मी केलं प्रॉपर. शून्य नंबरचा पॉलिशपेपर घेतला आणि दोन दिवस बारा पीस घासले. आमच्याकडं पाहुणे जेवायला यायचे असले की आई तांब्या राखेनं जसा घासायची तसे. मनात एकच होतं, सर येतील, बघतील, त्यांना वाटेल आपण निवडलेली बाई कामाची आहे. घासून घासून पीस असे झाले की माझा चेहरा दिसायला लागला त्यांत.

सर आले. त्यांनी टेबलाकडं पाहिलं आणि स्टूल उघडायचं विसरले. पण काही बोलले नाहीत. "भट्टीला लावा," एवढंच म्हणाले. पीस औषधात घालून भट्टीला लागले, बाहेर आले, साफ केले, वजन केलं. औषध प्यायलेल्या पिसाचं वजन वाढतं. बाराच्या बारा पिसांचं वजन होतं तेवढंच.

दादा म्हणाले, "काय गो ताई, भांडी घासलीस काय?"

सर माझ्यासमोर स्टूल टाकून बसले. "कार्ड वाचलंत?"

"हो सर."

"काय लिहिलंय?"

"पॉलिशिंग प्रॉपर."

त्यांनी चष्मा काढला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, स्वतःचंच अक्षर पुन्हा वाचलं. मग कार्ड उलटं ठेवलं. मला वाटलं, संपलं. आता सेठना हाक मारतील. त्यांनी विचारलं, "घरी माठ आहे?"

"आहे."

"बाहेरून घासता?"

"नाही सर. माठ नुसता पाण्यानं धुवायचा. घासला की..." आणि मी थांबले, कारण तोंडातून शब्द निघायच्या आधीच मला कळलं होतं.

"की?"

"बुजतो."

"परत म्हणा."

"बुजतो सर. बारीक भोकं बुजतात. मग पाझरत नाही, पाणी गार होत नाही."

ते उठून उभे राहिले. "चाळीस वर्षं मी या गोष्टीला इंग्रजीत एक शब्द वापरतोय," ते म्हणाले, "आणि ऐकणाऱ्याला दर वेळी चित्र काढून दाखवतोय. बुजतो. किती सरळ." मग माझ्याकडं वळून, अगदी तपासणीच्या आवाजात, "तुम्ही का बुजलात?"

मला वाटलं ते पिसांबद्दलच बोलताहेत. "सर, पीस..."

"पीस नाही, तुम्ही. दादा चार फुटांवर बसले होते. विचारलं का नाहीत? बैल बुजतो तसं माणूस बुजतं, तोही हाच शब्द ना? मग बाराच्या बारा पीस तुम्ही बुजलात म्हणून बुजले."

एवढ्यात सेठ आले. "सर, बारह पीस गए? किसने किया?"

"कार्ड मी लिहिलं होतं," सर म्हणाले. "ज्या माणसानं वाचायचं त्याच्या भाषेत लिहिलं नाही."

"पर ये तो दसवीं पास है ना साईं?"

मी जमिनीकडं बघत होते. सरांनी कार्ड सरळ केलं. "प्रोहिबिटेड हा शब्द दहावीच्या वर आहे," ते म्हणाले. "मनाई असं लिहायला हवं होतं."

सेठ माझ्याकडं बघत राहिले, मग गेले. सर खोटं बोलले नव्हते. मी दहावी पास आहे असं ते म्हणाले नव्हते. पण ते मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, सरांनाही दहावीच खरं वाटतंय, आणि माझं ओझं दुप्पट झालं. सेठना फसवणं वेगळं, यांना फसवणं वेगळं.

पुढचा आठवडा आम्ही दोघांनी ते पीस सोडवण्यात घालवला. कॉस्टिकच्या पाण्यात एकेक पीस बुडवून बारीक करंट द्यायचा, म्हणजे वरचा चेपलेला पापुद्रा तेवढा निघतो. जास्त दिला तर भोकं मोठी होतात. सर सेकंद मोजत आणि मी पीस बाहेर काढत असे. बारांतले नऊ सुटले, नीट औषध प्यायले. दोन वाया गेले. एक राहिला, अकरा नंबर. त्यानं औषध घेतलं होतं, पण इतरांपेक्षा कमी. दादा म्हणाले, भंगारात टाका. सर म्हणाले, "हा गिऱ्हाइकाला नको. हा आपण लाइफ टेस्टला लावू. बघू, एकदा बुजलेलं किती चालतं."

काचेच्या नळीत, निर्वात जागेत तो पीस तापत ठेवला. त्यातून किती करंट येतो तो आकडा सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला वहीत लिहायचा. सरांनी वही माझ्याकडं दिली. जुनी सगळी कार्डं त्यांनी त्या आठवड्यात फाडली आणि नवी मराठीत लिहिली. माझ्या टेबलावर आलं, 'घासू नका. बुजतं.'

आणि तो शब्द मग त्यांना चिकटलाच. सेठनी पत्राचं उत्तर दिलं नाही की, "सेठ बुजलेत." लेथचं पाणी अडलं, "बुजलं." एकदा त्यांचा भाचा खूप दिवसांनी फोनवर बोलला आणि दोन मिनिटांत ठेवला. सर फोन हातात धरून म्हणाले, "हाही बुजला." त्या वेळी ते कुणाशी बोलत होते कळलं नाही, मी चहाचे कप उचलत होते.

आमच्या एमआयडीसीत शुक्रवारी लाईट नसते, म्हणून सुट्टी शुक्रवारी. पण लाइफ टेस्टला सुट्टी नाही. शुक्रवारी ती बॅटरीवर चालायची आणि बॅटरीकडं कुणीतरी बघायला हवं. पहिल्या शुक्रवारी मी गेले तर सर आधीच स्टूलवर बसलेले. "तुम्ही कशाला आलात?" "तुम्ही कशाला आलात सर?" त्यानंतर कुणी विचारलं नाही. अख्खा कारखाना बंद, मशिनी गप्प, पंखा नाही. ते पुस्तक वाचत, मी आईशी फोनवर बोलायचे, आणि मधे त्या नळीतला केशरी ठिपका. अंबरनाथ पूर्वेला माझी खोली होती, चार घरांच्या मधे, पण तिथं शुक्रवारी माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. इथंही आम्ही फारसं बोलत नव्हतो. पण दोघंही सात वाजेपर्यंत उठत नव्हतो.

अकरा नंबर चालला. एक वर्ष, दीड वर्ष. आकडा दोनशे चौदा, दोनशे तेरा, दोनशे चौदा. सर खूश झाले की वहीवर बोटानं दोनदा टकटक करत, तेवढंच. मग त्यांचं कारखान्यात येणं कमी झालं आणि बंद झालं. त्या तपासणीतून जे निघालं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सोनिवलीच्या घरी एक नर्स दिवसा यायची. सरांनी निरोप पाठवला, आकडा रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायचा.

मी फोन केला. "सर, फोनवर सांगते ना."

"फोनवर आकडे गोल होतात," ते म्हणाले.

हे मला तेव्हा त्यांच्या इतर गोष्टींसारखंच वाटलं. रोज सातचा आकडा लिहायचा, शेअर रिक्षानं बदलापूर, पुढं सोनिवली. टॉवरमध्ये निम्म्या घरांना कुलपं. अकराव्या मजल्यावर खिडकीला पडदे नाहीत, भिंतीला कॅलेंडर नाही. पलंगाशेजारी ते घडीचं स्टूल उघडून ठेवलेलं. पूर्वी त्यावर फक्त ते बसत. आता ते माझ्यासाठी असायचं. मी बसायचे, आकडा सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, नर्सनं ठेवलेली पेज मी गरम करून द्यायचे आणि निघायचे.

मग आकडा उतरायला लागला. दोनशे अकरा. दोनशे सात. एका संध्याकाळी दोनशे दोन. मीटरवर टिचकी मारून पाहिली, बॅटरी पाहिली. काही चुकलं नव्हतं. औषध संपत आलं होतं. त्या दिवशी रिक्षात बसले आणि मनाशी ठरवलं, सांगायचं कालचंच, दोनशे सात. दोन दिवसांपासून ते मान उचलू शकत नव्हते. काय फरक पडतो? वही बघायला ते येणार नव्हते. खोटं बोलायची मला सवय होती, दर दिवाळीला बोलत होते.

जिना न चढता लिफ्टनं गेले, तरी वर पोचले तेव्हा दम लागला होता. स्टूलवर बसले.

"किती?"

मी पेजेच्या भांड्याकडं बघितलं.

"बाई, किती?"

"दोनशे दोन," मी म्हटलं, आणि रडायला लागले. "उतरतोय सर. अकरा नंबर संपत आलाय."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ छताकडं बघत होते. मला वाटलं वाईट वाटलं त्यांना. मग पांघरुणावर बोट दोनदा आपटलं. टक, टक.

"म्हणजे उघडा होता," ते म्हणाले. "बुजलेला असता तर संपला नसता. तो कधी संपतच नाही. आतलं सगळं आतच राहतं."

बोलून ते थकले. मी पेज आणली, त्यांनी घेतली नाही. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी पुन्हा बुजेन आणि मग कुणाला सांगणार?

"सर, मी दहावी नाही. सातवी आहे. मार्कशीट नाहीच माझ्याकडं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पॉलिशिंग प्रॉपर," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. हसण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. "सातचे दहा केलेत तुम्ही. गोल केलात. तीन कुठं ठेवले?"

मी दादांसारखे खिसे चाचपले. मला खिसे नव्हते, तरी.

"सेठना सांगा," ते म्हणाले. "ते काढणार नाहीत. काढलं तर दाणे कोण सारखे करणार, हे त्यांना कळतं."

मी सेठना सांगितलं, पण लगेच नाही. नऊ दिवसांनी, सोनिवलीहून परतताना. त्या दिवशी भाचा विमानातून अजून उतरला नव्हता आणि सरांना स्मशानात न्यायला दादा, सेठ, मी, नर्स आणि सोसायटीचा वॉचमन एवढेच होतो. सेठ गाडीत पुढं बसले होते. मागून मी म्हटलं, "सेठ, मार्कशीट नाही येणार. मी सातवी आहे." सेठ मागं न वळता म्हणाले, "ठीक है ताई. अभी नहीं." ते 'अभी' अजून आलेलं नाही. पुढच्या दिवाळीला त्यांनी फक्त चिवडा मागितला.

भाच्यानं घर विकलं. स्टूल मी मागून घेतलं. दादा म्हणतात टेस्ट बंद कर, त्या नळीत आता दुसरा पीस लावता येईल. सेठही एकदा म्हणाले. मी सांगितलं, नाही सेठ, अजून उतरतोय, पूर्ण उतरू द्या. हे मी कार्डासारखं वाचून नाही सांगितलं, त्यांच्या ग्रॅनाइटसमोर उभं राहून सांगितलं, पेपर न अंथरता.

आज शुक्रवार. लाईट नाही, टेस्ट बॅटरीवर आहे, संध्याकाळचे सात वाजले. एकशे शहाऐंशी लिहिलं. शेजारच्या रकान्यात पिसाचे तास लिहायचे असतात, तेही लिहिले. सरांचे तास कुठंतरी लिहावेत असं पुष्कळदा मनात येतं. जन्मतारीख त्यांच्या कागदांवर पाहिली होती, शेवटची वेळ शेवटच्या दिवसांत रात्रीही थांबणाऱ्या नर्सनं सांगितली होती, सकाळी सहा वाजून बावन्न. पण ते किती वाजता जन्मले ते सांगणारं आता कुणीच नाही. म्हणून तो रकाना मी रिकामा ठेवलाय.